लंगडेपणाची पोटनिवडणूक

झिपरू अस्वल निवडून आलं. ढोल वाजले, गुलाल उधळला गेला आणि गळ्यात इतके हार पडले की झिपरू आतून कोणाशी बोलतोय तेच कळेना.

असं काही घडलेलं नाही. तसं राजवाड्यावरून संध्याकाळी कळवण्यात आलं, म्हणून वरचा परिच्छेद वाचकांनी वाचलेला नाही असं धरून पुढे जाऊ. गुलाल अजून झिपरूच्या कानात आहे. पण तो गुलाल नसून तांबडी माती आहे, असंही कळवण्यात आलेलं आहे.

तर घरातली लहान मुलं झोपली असतील तर मोठ्यांनी जरा पुढे सरकून बसावं.

एक होतं जंगल. जंगलात होता वाघ. वाघ आहे म्हणून तो राजा, की राजा आहे म्हणून तो वाघ, असं विचारणारं एक हरीण तिथे पूर्वी होतं. आता प्रश्न मिटलेला आहे.

या जंगलात नदीकिनारी जांभूळकाठ नावाची वस्ती होती. तिथे झिपरू अस्वल आणि त्याची बायको ठमाबाई राहायची. झाडावर चढण्यात झिपरूचा हात धरणारं कोणी नव्हतं. म्हणूनच महाराजांच्या वाढदिवसाचा फलक सगळ्यात उंच जांभळाला बांधायचं काम त्याला मिळालं. फलकावर महाराज हसत होते, खाली पंचवीस तरस हात जोडून उभे होते. बांधता बांधता फांदी मोडली. झिपरू पडला, त्याच्यावर फलक पडला. सगळे धावत आले. फलकाला काही झालं नव्हतं.

झिपरूचा उजवा मागचा पाय कायमचा गेला. महाराजांचं मन द्रवलं आणि त्यांनी 'महाराज पायमोड मधवाटा योजना' जाहीर केली. जो लंगडा, त्याला दर आठवड्याला घरपोच मधाचं एक पोळं. योजनेचाही फलक लावायचा होता, पण तो माकडाकडून लावून घेतला. झिपरूला सरकारी मध मिळू लागला, ठमाबाईला झाडावर चढावं लागेना, आणि म्हातारपण गोडीत चाललं होतं.

मग महाराजांच्या लक्षात आलं की नदीत त्यांचं प्रतिबिंब पूर्ण दिसत नाही. मिशा दिसतात, शेपूट वाहून जातं. एवढ्या मोठ्या राजाला एवढंसं पाणी? नदी अडवून 'प्रतिबिंब सरोवर' करायचं ठरलं. सरोवरात जांभूळकाठ बुडणार होता. फर्मान निघालं:

'जांभूळकाठच्या सर्व रहिवाशांनी आनंदाने खडकमाळावर राहावयास जावे. ज्यांना आनंद होत नसेल त्यांनी अगोदर जावे.'

ठमाबाईनं झिपरूला पाठीवर घेतलं, घागर कमरेला लावली आणि डोंगर चढून खडकमाळावर आली. खडकमाळावर खडक होता आणि माळ होता. नावात काही फसवणूक नव्हती. झाड एकही नव्हतं. मध होता, पण तो उभ्या कड्याला लटकलेल्या आग्यामोहोळात.

पहिल्या आठवड्यात पोळं आलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात ठमाबाईनं पदर खोचला आणि कडा चढायला लागली. झिपरू खाली बसून वर बघत राहिला. मधमाश्यांपेक्षा त्याला दगडांचं भय होतं. ठमाबाईच्या पायाखालून एक एक सुटत होता.

"ठमे, उतर गं! उपाशी मेलो तरी चालंल!"

"तुम्हाला चालतं कुठं?" ती वरून म्हणाली.

ती खाली आली तेव्हा तिचं नाक वांग्यासारखं सुजलं होतं. त्याच दुपारी तिनं झिपरूला पुन्हा पाठीवर घेतलं आणि दोघं पायमोड खात्यात गेली.

खात्याचे प्रमुख बगळेसाहेब. सकाळी कामावर आले की एक पाय पोटाशी घ्यायचे, डोळे मिटायचे आणि एका पायावर अख्खा दिवस काढायचे. महाराजांची सेवा आपण एका पायावर करतो, असं ते सांगत, आणि ते खरंच होतं.

"नाव?" डोळे न उघडता साहेबांनी विचारलं.

"झिपरू."

"लंगडे कुठले?"

"उजवा मागचा पाय, साहेब."

"पाय नाही विचारला. लंगडे कुठले? वस्ती कोणती?"

"होतो जांभूळकाठला. आता खडकमाळ."

साहेबांनी एक डोळा उघडला. "खडकमाळावर लंगडा नाही. मागच्याच महिन्यात महाराजांनी खडकमाळ लंगडेमुक्त जाहीर केलाय. कमान बघितली नाहीत?"

"बघितली की. तिच्याच सावलीला बसतो मी. दुसरी सावली नाही तिकडं."

"मग झालं तर. तुमचा लंगडेपणा जांभूळकाठचा. तो तिथेच आहे. तुम्ही सोडून आलात."

ठमाबाई पुढे झाली. "अहो साहेब, घागर आणली, फुटकं झाकण आणलं. आणि नवऱ्याचा पाय तेवढा विसरून येईन का मी?"

"बाई, भावनेत जाऊ नका. हे इथवर आले कसे?"

"मी आणलं. पाठीवर."

"म्हणजे चालत नाही आले. चालत आले असते तर लंगडे नसते, प्रश्न मिटला. चालत आले नाहीत, म्हणजे यांनी स्थलांतर केलेलं नाही. यांची वाहतूक झालेली आहे. वाहतूक सामानाची होते."

"मग मी सामान?" झिपरूनं विचारलं.

"सामानाला मध मिळत नाही."

झिपरूनं थोडा विचार केला. "साहेब, तेवढा लंगडेपणा इकडं वर्ग करून घ्या की."

"घेऊ ना. अडवलंय कोणी? लंगडा इथून गेला, असा जांभूळकाठच्या कार्यालयाचा दाखला आणा."

"ते कार्यालय पाण्याखाली गेलं."

"पण सुरू आहे. जेवणाच्या सुट्टीनंतर जा."

साहेबांनी डोळा मिटला. ठमाबाईनं नवऱ्याला पाठीवर घेतलं आणि बाहेर येताना साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेल्याचा दुसरा पाय पोटात, म्हणून पोट भरलेलं."

इकडे जांभूळकाठचा लंगडेपणा रिकामा पडला. सरकारी गोष्ट रिकामी पडून राहणं बरं नाही, म्हणून तिथे तात्या तरस यांची 'प्रभारी लंगडा' म्हणून नेमणूक झाली. तात्या हे फलकावरच्या पंचविसांतले पहिले. तरस चालताना मागून जरा बसल्यासारखं दिसतं, एवढी पात्रता पुरली. तात्यांना मध आवडत नसे, पण सेवेची आवड होती. पोळं घरी आलं की ते राजवाड्याच्या मागच्या दारानं पोचतं करत आणि पुढच्या दारानं आशीर्वाद घेऊन येत.

सत्काराला तात्या म्हणाले, "मित्रहो, काही जण नुसते लंगडतात. मी जबाबदारीनं लंगडतो!"

टाळ्या पडल्या. हे बघून बाकीच्या चोवीस तरसांनाही लंगडेपणाची ओढ वाटू लागली. कोणी दगडावर पाय आपटून घेतला, कोणी नुसताच पायाला पाला बांधून राजवाड्यासमोर फिरू लागला. एकानं तर चुकून पुढचा पाय बांधला आणि पक्षातून निलंबित झाला. भांडणं फार वाढली तेव्हा महाराजांनी जांभई दिली आणि फर्मावलं, "लोकशाही आहे ना आपल्याकडे? मग लंगडा निवडून द्या."

पोटनिवडणूक लागली. ठमाबाईनं झिपरूला उभं केलं. म्हणजे खरोखरच उभं केलं, एका बाजूनं धरून.

"स्वतःच्या पायासाठी मतं मागायची?" झिपरू कुरकुरला.

"मागा. नाहीतर मी पुन्हा कड्यावर चालले."

झिपरूनं लगेच अर्ज भरला.

आता मतदार कोण? नियम असा, की जांभूळकाठच्या लंगड्याला जांभूळकाठच्या रहिवाशांनीच निवडायचं. जांभूळकाठात आता राहत होते फक्त मासे. सगळे पुढारी सरोवराच्या काठावर आले. तात्यांच्या माणसांनी घोषणा दिल्या, "तात्यांचा पाय, आणखी हवं काय!" पाय म्हणजे काय ते माशांना माहीत नव्हतं, पण ते ऐकून घेत होते.

"माझ्या जलवासी बंधुभगिनींनो," तात्यांनी सुरुवात केली, "मला निवडून द्या, मी घराघरात पाणी आणीन!"

खालून मरळकाकूंनी डोकं वर काढलं. मरळकाकू म्हणजे सरोवरातली सगळ्यात जुनी मासोळी. "आलंय की हो," त्या म्हणाल्या.

"बघा!" तात्या ओरडले. "आश्वासन देण्याआधीच पूर्ण केलं!"

मग झिपरूची पाळी आली. भाषण त्यानं पाठ केलं होतं. "मतदारहो" म्हणायला तो पुढे झाला, उजवा पाय दगडावरून सटकला आणि सगळंच्या सगळं अस्वल तोंडावर पाण्यात पडलं. मासे घाबरून पसार झाले. अस्वल पाण्यात आलं की काय करतं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पण झिपरूला उठता येईना. समोरून एक मासोळी पोहत गेली, तीही त्याला धरता येईना. मासे हळूहळू परत आले आणि त्याच्याभोवती जमले.

"पोरींनो, या गं," मरळकाकू म्हणाल्या. "हा आपल्यातली एकही धरू शकत नाही. हा खरा लंगडा."

"आणि ते तात्या?"

"त्यांचं लक्ष मघापासून माझ्या पोटाकडे आहे."

एवढ्यावर निकाल लागला. मासे एका लाटेत झिपरूच्या बाजूला गेले. ढोल वाजले, गुलाल उधळला गेला, आणि पुढचं वाचकांनी वाचलेलं नाहीच.

ठमाबाईनं त्या दुपारी नवऱ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली. "आता पोळं दारात येणार," ती म्हणाली. नाकाची सूज उतरायला लागली होती.

पण तात्यांनी हरकत घेतली. मतदार खरे होते कशावरून? पडताळणी झाली पाहिजे. ती करायला बगळेसाहेबांशिवाय योग्य कोण असणार? साहेब स्वतः सरोवरात उतरले. एका पायावर. त्यांनी मतदारांना एकेक करून पुढे बोलावलं, प्रत्येकाकडे बारकाईनं पाहिलं आणि प्रत्येकाची नोंद घेतली. नोंद घेतली की ते चोच पुसत. काही मतदारांची नोंद दोनदा गिळावी लागली, काटे होते.

उन्हं कलली तेव्हा साहेबांनी ढेकर दिला आणि अहवाल सांगितला. "जांभूळकाठात मतदार आढळून आले नाहीत."

"मी आहे ना!" खोल पाण्यातून मरळकाकू ओरडल्या.

"कोण बोललं? समोर या."

"समोर आले की नसेन."

"तर मग गैरहजर," साहेब म्हणाले.

मतदार नाहीत म्हणजे मतदान नाही. मतदान नाही म्हणजे निवडणूक झालेली नाही, आणि जी झाली नाही तिच्यात कोणी निवडून येणार कसं? तात्या तरस प्रभारी लंगडा म्हणून कायम राहिले. ही बातमी कळताच ते आनंदाच्या भरात राजवाड्यापर्यंत धावत गेले. वाटेत दोन ओढे त्यांनी उडी मारून ओलांडले. लंगडा असूनही एवढी जिद्द, म्हणून महाराजांनी त्यांना शाल दिली. समारंभात महाराजांनी सरोवरात वाकून पाहिलं. प्रतिबिंब आता मिशीपासून शेपटापर्यंत पूर्ण दिसत होतं. मध्ये यायला वर एक मासाही उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ठमाबाईनं पुन्हा पदर खोचला. झिपरूनं तिचा पाय धरला. "नको ना गं. मी अर्ज करतो. वरपर्यंत जाईल असा करतो."

"अर्ज वर जाईल. मध खाली कोण आणील?" ती म्हणाली आणि कडा चढू लागली.

झिपरू कड्याखाली बसला. वरून दगड येत होते, ते चुकवत आणि मान वर करून तिच्याकडे बघत तो नखानं एका पानावर लिहीत होता. लिहिलेलं मोठ्यानं वाचत होता, म्हणजे ती आहे की पडली ते तिच्या हुंकारावरून कळावं.

"मा. प्रमुख, पायमोड खाते, यांसी. ऐकतेस ना?"

"हूं."

"अर्जदार घर बदलून आला असून येताना पाय तोच आणला आहे. सबब, सदर पायाचा लंगडेपणा जांभूळकाठाहून खडकमाळावर वर्ग करण्यात यावा."

"नाही करणार ते," वरून आवाज आला. एक मोठा धोंडा गडगडत खाली आला आणि झिपरूच्या शेजारी फुटला.

"ठमे!"

"आहे, आहे. पुढं लिहा."

"वर्ग करणे शक्य नसल्यास, अर्जदारास चालता करावा..."

"ते तर मोठ्या आनंदानं करतील! खोडा ते."

झिपरूनं खोडलं. वर आग्यामोहोळ उठलं होतं, आणि त्या काळ्या ढगातून ठमाबाईनं शेवटचं वाक्य सांगितलं. ते तसंच्या तसं पानावर आहे, आणि पान अजून खात्यात आहे:

'तेही शक्य नसल्यास, साहेबांनी फक्त एकदा, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून हा अर्ज वाचावा, ही नम्र विनंती.'