मास्तरांची मिशी

व्याकरणाच्या टिल्लू मास्तरांच्या ओट्यावर अर्ज लिहून घ्यायला रोज रांग लागे. वैजनाथची वैजयंता झालेली एक बाई रेशनकार्डासाठी आली.

"मास्तर, माझ्या नावामागे श्री लावायचं की श्रीमती?"

मास्तर मिशीला पीळ देत म्हणाले, "एकदा पुल्लिंगी ते कायमचं पुल्लिंगी. जरा व्याकरण शीक!"

"शिकते. मिशीचं लिंग कोणतं?"

"स्त्रीलिंग."

"आणि मर्दानगीचं?"

मास्तर अडखळले. "तेही... स्त्रीलिंगच."

"माझ्या या पदराचं?"

"पुल्लिंग."

"मग ठरलं! पदर तो, म्हणून मी श्री. मिशी ती, मर्दानगीही ती, म्हणून तुमच्या दारावरच्या पाटीवर लिहा, श्रीमती टिल्लू!"

रांगेत हशा पिकला. मास्तरांनी मिशी सोडली, पेन धरलं आणि निमूट लिहिलं, 'श्रीमती वैजयंता'.