सर्जेराजाच्या न्हाणीचं पाणी

विंझगडच्या सर्जेराजाने चाकांवरचा महाल बांधून घेतला, तिथवर सगळं ठीक होतं. सोळा बैल जुंपले की महाल हलायचा. आत शेजघर, मुदपाकखाना, न्हाणीघरसुद्धा! महालाच्या पोटाखाली तांब्याचं भलंमोठं टाकं होतं. आंघोळीचं, भांड्यांचं, चूळ भरल्याचं सगळं सांडपाणी त्यात साचायचं. टाकं भरलं की चांदीची सिंहमुखी तोटी फिरवायची, की पाणी बाहेर. बाहेर म्हणजे कुठे, याचा विचार करायला राजाला सवड नव्हती.

ऐन चैत्रात हा महाल कारवीवाडीच्या रानात, ओढ्याच्या अगदी काठाशी येऊन थांबला. ओढा करंगळीएवढा वाहत होता आणि वाडीची तीस घरं त्याच्यावरच तगून होती. संध्याकाळी दिवाणजींनी तोटीला हात घातला, तेवढ्यात गुरवाची लेक यसू रिकामी घागर घेऊन आडवी आली.

"हितं नगा सोडू, दिवाणजी. खाली आमी ह्योच ओढा पितो."

राजा गवाक्षात विडा चघळत उभा होता. "अगं पोरी, राजाच्या आंघोळीचं पाणी आहे ते. तीर्थ समज."

"मग आदी म्हाराजांनी घ्यावं," यसू म्हणाली. "तीर्थ पैलं यजमानाला द्यायचं असतंय. माजा बा गुरव हाय, मला ठावं हाय."

दिवाणजींना हसू आलं, ते त्यांनी खोकून टाकलं. राजाला मात्र विडा कडू लागला.

"जीभ बरीच धारेची आहे तुझी. हात किती चालतात ते पाहू. मी इथे पंधरा दिवस आहे. टाकं रोज भरेल, रोज तू रिकामं करायचं. ओढ्यात थेंब नको. माझ्या नजरेला डबकं नको, नाकाला वास नको, ताटावर माशी नको. आणि पाणी राजाचं आहे, हरवायचं नाही! जायच्या दिवशी मी विचारीन, माझं पाणी कुठंय? तेव्हा ते इथल्या इथे हजर करायचं. नाही जमलं, तर तोटी ओढ्यात सुटेल आणि दर चैत्रात मुक्काम इथेच पडेल."

यसू "बरं" म्हणाली खरी, पण घराकडे वळताना घागर भरायचीच विसरली. पाणी नाहीसं करायचं आणि पुन्हा हजरही करायचं, म्हणजे करायचं तरी काय?

अर्ध्या कामाचं उत्तर घरामागेच होतं. वाडीत प्रत्येक घराच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढायचं. पण यंदा लोक तांब्याभर पाण्यात आंघोळ उरकत होते, त्यामुळे अळवं माना टाकून पडली होती. यसूने टाक्यातलं पाणी घरटी दोन-दोन घागरी वाटून दिलं.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. भागूकाकीने दोन्ही घागरी खरकट्यासकट एकाच आळ्यात पालथ्या केल्या. दुपारपर्यंत तिथे तूप तरंगलं, शितांवर कावळे जमले आणि दिवाणजी नाकाला उपरणं लावून आले.

"पोरी, सरकारांच्या श्रीखंडावर माशी घोंगावत होती. आज मी हाताने वारा घातला. रोज घालायला मी काही पंखेवाला नाही."

"उद्या न्हाई याची," यसू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी टाक्याखाली तिने पेंढा भरलेली दुरडी टांगली. शितं, साली, तुपाचा चिकटा सगळं पेंढ्यात अडकलं. त्यातली शितं-साली म्हशींच्या आंबोणात गेली आणि चिकट पेंढा उकिरड्यात पुरला गेला. पाणीही एका जागी ओतायचं नाही, झाडागणिक थोडंथोडं शिंपायचं, असं तिने घरोघर बजावलं. ओढ्यापासून दोनशे पावलांच्या आत तर थेंबही नाही.

राजा रोज सकाळी डबकं शोधायला निघायचा आणि कोरड्या जोड्यांनी परत यायचा. दिवाणजींना म्हणायचा, "पाणी कुठेतरी मुरतंय."

"मुरतंयच, सरकार," दिवाणजी गंभीरपणे म्हणायचे.

पण पाणी हजर कसं करायचं, या विचाराने यसूची झोप उडाली होती. तेराव्या दिवशी भागूकाकीने परसातून हाक मारली, "यसे, बग की गं! आळू कसं तरारलंय!" यसूने जाऊन पाहिलं. हत्तीच्या पिलाच्या कानाएवढी कोवळी पानं डोलत होती. ती तिथेच बसली आणि एकटीच हसत सुटली. काकीला वाटलं, पोरीला ऊन लागलं.

निघायच्या दिवशी वाडीने राजाला जेवायला घातलं. खमंग अळूवड्या, आणि चिंच-गूळ घातलेलं, हरभऱ्याच्या डाळीचं अळूचं फदफदं. राजाने वड्या मोजल्या नाहीत, आपणही मोजायला नको. फदफद्याची तिसरी वाटी मात्र त्याने स्वतः मागून घेतली.

मग मिशा पुसून तो म्हणाला, "झकास! पण जेवण घालून सुटका नाही, पोरी. माझं पाणी कुठंय?"

दिवाणजींनी नाइलाजाने तोटीवर हात ठेवला.

"थोडं परसात हाय, म्हाराज," यसू म्हणाली. "बाकीचं तुमच्या पोटात हाय."

"काय?"

"पंधरा दिस तुमच्या न्हाणीचं पानी आळवानं पेलं, आन् आज आळू तुमी खाल्लं. हितल्या हितं हजर हाय. तुमी म्हनला व्हता, तीर्थ हाय. म्हून म्हनलं, पैलं यजमानाला द्यावं."

राजाने आपल्या पोटाकडे पाहिलं, रिकाम्या वाटीकडे पाहिलं, आणि असा काही गडगडून हसला की सोळाच्या सोळा बैलांनी माना वर केल्या. दिवाणजींना या वेळी खोकायची गरज पडली नाही.

"दिवाणजी, ती तोटी काढा आणि हिच्या हातात द्या. टाक्याला लाकडी बूच मारा. आणि दवंडी द्या, ओढ्यापासून दोनशे पावलांच्या आत राजाचासुद्धा मुक्काम पडणार नाही."

यसूने चांदीचा सिंह पदरात घेतला आणि पेंढ्याची दुरडी पुढे केली. "ही बी संगं न्या, म्हाराज. म्होरल्या गावातबी लोक पानी पेत्यात."

राजा पुन्हा हसला. दुरडी त्याने स्वतःच्या हाताने महालाखाली टांगली, आणि उरलेल्या वड्या बांधून घ्यायला सांगितल्या.