आप्पासाहेबांच्या तोंडचं संशोधन

गावात घरफोड्या वाढल्या, तेव्हा नगराध्यक्ष आप्पासाहेब ढमढेऱ्यांनी चौकाचौकांत कडक शिक्षेची तंबी देणारे मोठाले फलक लावायचं ठरवलं. गुन्हेगारीवर संशोधन करणाऱ्या हेमांगी तळवलकरला हे काही पटेना. तिच्या अभ्यासात फलकांपेक्षा पोलिसांची गस्त जास्त उपयोगी ठरली होती. वाचनालयाच्या सभागृहात ती तेच समजावून सांगायला उभी राहिली खरी. पण ‘प्रतिरोधन’, ‘सहसंबंध’ असले शब्द कानांवर पडताच लोक जांभया देऊ लागले.

पहिल्या रांगेतून आप्पासाहेब गरजले, “बाई, एवढ्या शिकलात ना? मग आमच्या माणसांना कळेल असं एका वाक्यात सांगा. नाहीतर आमचे फलक उद्याच लागतील!”

लोक हसले. हेमांगीचे कान तापले. हातातले कागद बाजूला ठेवून तिने विचारलं, “आप्पासाहेब, मघाशी तुमची गाडी समोरच्या एकेरी रस्त्यावरून उलटी आली. दंड होतो, हे ठाऊक नव्हतं का?”

“ठाऊक नसायला काय झालं? तिथला फलक मीच लावलाय!” आप्पासाहेब मिशीला पीळ देत म्हणाले. “पण तिथं पकडायला असतंय कोण?”

“हेच ते वाक्य!” हेमांगी म्हणाली. “चोरसुद्धा फलक वाचून अगदी असंच म्हणतो.”

सभागृहात हशा उसळला. आप्पासाहेब आधी लालबुंद झाले, मग तेही पोट धरून हसू लागले.

“फलकांचं राहू द्या,” ते डोळे पुसत म्हणाले, “गस्तीसाठी फौजदारांशी उद्याच बोलतो. आणि बाई, पुढचं भाषण याच भाषेत करा!”