निहारची रुपेरी दाढी

वृंदा टिपणीस ऐकतच राहिल्या. चेहरा बघून वय ओळखणारं अ‍ॅप त्यांनी राबून उभं केलं, आणि ऐन उद्घाटनाच्या सकाळी कंपनीचा तरुण मालक निहार पोतनीस सगळ्यांदेखत म्हणत होता, "मॅडम, तुम्ही स्टेजवर नको. पांढरे केस, सुती साडी... लोकांना कंपनी म्हाताऱ्यांची वाटेल. पन्नाशीच्या पुढचं कुणीच वर नको."

वृंदाताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. अ‍ॅप बनवतानाही यानेच हुकूम सोडला होता, 'पांढरे केस दिसले की सरळ म्हातारा धरा.' त्यांनी नको म्हटलं, तर ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात त्यांची नजर निहारच्या दाढीवर गेली. फॅशन म्हणून त्याने ती कालच पार्लरमध्ये रुपेरी करून आणली होती.

"नियम म्हणजे नियम," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "पण पन्नाशीच्या पुढचं कोण, ते अ‍ॅपलाच ठरवू दे. पहिला मान तुमचा."

निहार ऐटीत कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. मोठ्या पडद्यावर आकडा उमटला : त्रेसष्ट!

निहारचा हात झटकन दाढीकडे गेला.

"हे... हे चूक आहे!" तो ओरडला. "नुसत्या पांढऱ्या केसांवरून माणसाचं काय कळतं?"

"अ‍ॅपवर कशाला चिडता, सर? ते बिचारं तुमच्याच नजरेनं बघतंय," वृंदाताई म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, दोघांनीही खाली बसायचं, की दोघांनीही वर जायचं?"