ढिल्या स्टेअरिंगचे प्रकरण

विषय : श्री. शशिकांत भोकरे, निवृत्त उपअभियंता, यांस अनुग्रह मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तीन वर्षांपूर्वीचा तोंडी अर्ज. २) अर्जदाराची जीप.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, अर्जदाराने जीपच्या स्टेअरिंगचे झिजलेले भाग स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने बदलले व सदर जीपसह टेकडीवरील मठात समक्ष हजर राहून विचारणा केली. ती पुढीलप्रमाणे.

“मग आता तरी मंत्र देणार ना, बाबा?”

लिंबाजीबाबा मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसले होते. त्यांनी एक चिंचोका काढून सुपात टाकला. दुसरा काढला. तोही टाकला.

“गाडी अजून डुलत का आली, साहेब?”

“डुलत? कोण म्हणतं?”

“मी कशाला म्हणू? धुळीला विचारा.”

भोकऱ्यांनी वळून पाहिलं. घाट संपल्यावर मठापर्यंतचा फर्लांगभर रस्ता अगदी सरळ होता. त्यावरच्या धुळीत जीपच्या चाकांचे ताजे माग उमटले होते. ते मात्र सरळ नव्हते. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बैल मुतत गेल्यासारखे.

भोकऱ्यांच्या हाताला अजून ग्रीस होतं. ते त्यांनी मुद्दामच धुतलं नव्हतं. अर्जासोबत पुरावा जोडलेला बरा असतो.

“रस्ता खराब आहे,” ते म्हणाले.

“बरं.”

“टायरात हवा कमीजास्त असेल.”

“बरं.”

“वारंही होतं थोडं...”

बाबांनी वर पाहिलं. पिंपळाचं पानही हलत नव्हतं.

लिंबाजीबाबा काही जन्मापासून बाबा नव्हते. तीस वर्षं ते हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात ट्रकखाली झोपून काम करत. एके दिवशी पाने पुसून पेटीत ठेवले, पेटी शेजारच्याला दिली आणि टेकडी चढून मठात आले ते तिथलेच झाले. का, असं कोणी विचारलं तर म्हणत, “खालून बघून कंटाळलो होतो.”

भोकऱ्यांनी अनुग्रह मागितला त्या दिवशी बाबा त्यांच्या जीपमधून गावापर्यंत आले होते. उतरताना दाराला धरून थोडा वेळ उभे राहिले, आणि म्हणाले, “गाडी सरळ चालवत या. मग मंत्राचं बघू.”

भोकरे तेव्हा हसले होते. ही जीप त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वी लिलावात घेतली होती. तिचं स्टेअरिंग चार बोटं फिरवलं तरी चाकांना पत्ता नसे. त्यामुळे भोकरे गाडी चालवत म्हणजे जात्यावर बसल्यासारखे दोन्ही हात सतत हलवत राहत. दुसऱ्या कोणाला ती चालवता येत नसे, आणि याचा त्यांना कोण अभिमान. “ही फक्त माझंच ऐकते,” असं ते सांगत. असंच ते पूर्वी आपल्या कचेरीविषयीही सांगत. कचेरीचं मत कोणी विचारलं नव्हतं.

पण तीन वर्षांत हसू आटलं. हिशेबनीस टिकेकरांना दुसऱ्या एका महाराजांकडून तीन आठवड्यांत मंत्र मिळाला. ज्या शिपायाला भोकऱ्यांनी दोनदा ताकीद दिली होती, त्यालाही मिळाला. आणि खरं सांगायचं तर निवृत्त झाल्यापासून ‘झालं, बरोबर झालं’ असं भोकऱ्यांना कोणी म्हटलंच नव्हतं. ते कोणाकडून तरी ऐकल्याशिवाय मरायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं होतं.

“बाबा, तुम्ही आधी ऐकून तर घ्या मी काय काय केलं ते.”

“सांगा की. चिंचा पुष्कळ आहेत.”

मग भोकरे सांगू लागले, आणि सांगता सांगता ओसरीच्या कडेवरून उठून उभेच राहिले.

टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगचा हुकूम चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा. आपल्या खुब्यासारखा, खोबणीत गोटी. तो झिजला की हुकूम वरून बरोबर सुटतो, पण खाली पोचेपर्यंत त्याचा अर्थ बदललेला असतो. ज्याने सरकारी नोकरी केली आहे त्याला हे जास्त समजावून सांगायला नको. असे चार सांधे. चारही गेलेले.

“गॅरेजवाला म्हणाला, ठेवून जा, संध्याकाळी न्या. मी म्हटलं, नाही. अंगणात करणार. स्वतः.”

“का?”

“अर्ज माझा आहे ना.”

बाबांनी मान डोलावली. भोकऱ्यांना तेवढंही पुरलं.

त्यांनी जॅक लावला होता, चाकं काढली होती, खाली लाकडाचे ओंडके ठेवले होते. नट सुटले. पण सांध्याची खुंटी जिथे रुतून बसली होती तिथून हलेना. दोन दिवस भोकरे खालून तिच्या डोक्यावर हातोडा मारत होते. तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नी, इंदुमतीबाई, लोणच्याची बरणी घेऊन अंगणात आल्या.

“अहो, हिचं झाकण बसलंय.”

“दिसत नाही का, काम चाललंय?”

“दिसतंय. दोन दिवस ऐकूही येतंय.” त्यांनी पायरीवर बसून लाटण्याने झाकणाच्या कडेला चहूबाजूंनी ठक ठक केलं. झाकण निघालं. “तुम्ही त्या बिचाऱ्या खुंटीला कशाला मारताय? जिने धरून ठेवलंय तिला मारा.”

भोकऱ्यांनी खुंटी सोडून भोवतीच्या लोखंडी कडीवर बाजूने दोन घाव घातले. खुंटी टपकन खाली पडली.

“असं...” बाबांचे हात थांबले. “बाईंनी सांगितलं?”

“हो, पण त्यांना मेकॅनिकलमधलं काही कळत नाही.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि पुन्हा चिंच उचलली.

पुढचं सगळं बिनचूक झालं होतं. जुना सांधा किती आट्यांवर होता ते मोजून नवा तेवढ्याच आट्यांवर बसवला. पिना घातल्या, वाकवल्या. चाकं चढवली. दोन्ही बाजूंना सुतळी ताणून चाकं समोर सरळ आहेत की नाहीत ते सहा वेळा पाहिलं. काल संध्याकाळी स्टेअरिंग एक बोट फिरवलं तर चाकही एक बोट फिरलं. भोकरे अंगणात एकटेच हसत सुटले होते. रात्रभर त्यांना झोप नव्हती. पन्नास वर्षांपूर्वी नव्या सायकलीने अशीच झोप उडवली होती.

“आणि तुम्ही म्हणता डुलत आली.”

बाबा उठले. हात धोतराला पुसले. जीपपाशी जाऊन उकिडवे बसले, पुढचं चाक दोन्ही हातांनी धरून हिसडलं. मग दुसरं. मग वय विसरून सरळ गाडीखाली शिरले. बाहेर नुसते पाय दिसत होते.

भोकरे उभे. निकालाच्या दिवशी शाळेबाहेर उभे राहतात तसे.



“साहेब.”

“हां, बाबा.”

“काम झालंय. बरोबर झालंय.”

भोकऱ्यांना एकदम काही दिसेना. त्यांनी चष्मा काढून पुसला; चष्म्याला ग्रीस लागलं, मग तर खरोखरच दिसेना.

“म्हणजे... मंत्र?”

“पण गाडी डुलतेय,” खालून आवाज आला.

“काम बरोबर झालंय तर डुलेल कशी?”

“तेच बघू.”

बाबा बाहेर आले, केसांतली माती न झटकता भोकऱ्यांना स्टेअरिंगवर बसवून शेजारी बसले. मठामागे टेकडीचा माथा ताटासारखा सपाट होता. दीड मैल एक सरळ कच्ची वाट. ना झाड, ना माणूस. गुरंही त्या वेळी खाली असत.

भोकऱ्यांनी गाडी त्या वाटेवर घातली. दोन्ही हात लागले चालायला. जीप डावीकडे, उजवीकडे. त्यांनी हात घट्ट केले. जीप अधिकच झोकांड्या खाऊ लागली. कपाळावर घाम आला.

“बघा, म्हणजे अलाइनमेंटमध्येच...”

“हात सोडा.”

“काय?”

“स्टेअरिंग सोडा.”

“अहो बाबा, गाडी चालू आहे.”

“म्हणून तर सांगतोय. उभ्या गाडीत कोणीही सोडेल.”

भोकऱ्यांनी एक हात सोडला. मग दुसरा, म्हणजे बोटं उचलली फक्त, तव्यावरची उचलावी तशी. मग तळवाही.

जीप सरळ जाऊ लागली.

...

सरळ. दोरी धरल्यासारखी. वाटेतला एक खड्डा आला, चाक जरा बिचकलं आणि आपलं आपण परत जागेवर आलं. भोकऱ्यांचे दोन्ही हात हवेत. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो उपअभियंत्याचा नव्हता.

“बाबा... ही जातेय. अहो, ही आपोआप जातेय.”

“जातेय खरी.”

त्यांनी स्टेअरिंग धरलं. जीप डुलू लागली. सोडलं. सरळ. धरलं. डुलली. सोडलं. सरळ. असं त्यांनी वाट संपेपर्यंत केलं, आणि परत फिरून पुन्हा केलं. बासष्ट वर्षांचा गृहस्थ टेकडीच्या माथ्यावर दोन्ही हात वर करून हसत चालला होता. खालच्या वस्तीवरून कोणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, दरोडा पडला.

गाडी थांबली तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“कळलं,” ते म्हणाले. “बाबा, मला कळलं. एकोणीस वर्षं गाडी ढिली होती, म्हणून हात हलवत होतो. गाडी घट्ट झाली, हात हलतोच आहे. आता गाडीत काही दोष नाही. दोष हा इथे आहे.” त्यांनी आपलेच दोन पंजे बाबांपुढे धरले. “एवढंच शिकवायचं होतं ना तुम्हाला? शिकलो. लख्ख कळलं.”

“कळलं?”

“पूर्ण.”

“मग धरा स्टेअरिंग आणि चला मठात.”

भोकऱ्यांनी मोठ्या निर्धाराने स्टेअरिंग धरलं. आता हात हलवायचा नाही. मुळीच हलवायचा नाही... मठ येईपर्यंत जीप तीनदा वाट सोडून गवतात गेली.

इंजिन बंद झालं.

“हाताचे सुटे भाग कुठे मिळतात, बाबा?” शेवटी भोकऱ्यांनी विचारलं. विनोद करायला गेले होते, जमला नाही.

बाबा उतरले. या वेळी त्यांनी दाराला धरलं नाही.

“दर गुरुवारी मला बाजाराला न्या आणि परत आणा.”

“नेईन. आणि मंत्र?”

“तुमच्या गाडीत मला झोप लागली, की त्याच दिवशी देतो.”

त्यानुसार कार्यवाही सुरू झाली. पहिल्या गुरुवारी बाबा बाजारापर्यंत टक्क जागे होते. दुसऱ्या गुरुवारीही. भोकऱ्यांनी उपाय केले. सीटवर गादी घातली. इंदुमतीबाईंकडून दहीभात करून घेतला आणि निघण्याआधी बाबांना आग्रहाने वाढला. बाबा दहीभात खाऊन जागे राहिले. पाचव्या गुरुवारी भोकऱ्यांनी अंगाई म्हणावी तसं काहीतरी गुणगुणायला घेतलं, तेव्हा बाबा म्हणाले, “पोटात दुखतंय का?”

इंदुमतीबाईंनी एकदा विचारलं, “तुम्ही गाडी चालवताना नक्की काय करता?”

“बाबांकडे लक्ष ठेवतो.”

“आणि गाडीकडे?”

भोकरे त्यांना म्हणाले, की यातलं तुला कळायचं नाही.

परवाचा गुरुवार अकरावा. बाबांनी बाजारातून एक मोठा भोपळा घेतला होता आणि तो मागच्या सीटवर ठेवला होता. घाट चढताना भोकऱ्यांना त्याचीच काळजी होती. गडगडला तर फुटेल. फुटला तर गादी भिजेल. ते कान मागे लावून चालवत राहिले. एक वळण गेलं. दुसरं गेलं. भोपळा जागचा हलला नव्हता. पुढच्या वळणांवर त्यांना भोपळ्याचीही आठवण राहिली नाही. कडेला घाणेरी फुलली होती, ती त्यांना आवडली. बस.

घाट संपला. फर्लांगभर सरळ रस्ता. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की शेजारी फार शांत आहे.

त्यांनी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. बाबांची हनुवटी छातीला टेकली होती. डोळे मिटलेले. श्वास संथ, लांब...

भोकऱ्यांच्या छातीत ताशा वाजू लागला. हात तेवढे गप्प होते, आपलं काम करत. मठ समोर दिसत होता. शंभर पावलं. ऐंशी. तीन वर्षं आणि अकरा गुरुवार. साठ पावलं. टिकेकरांना फोन करून कसं सांगायचं, त्याचं पहिलं वाक्यही तयार झालं. चाळीस.

त्यांच्याने राहवेना.

“बाबा,” ते अगदी हळू म्हणाले, “झोप लागली ना?”

स्टेअरिंग किंचित डावीकडे गेलं. किंचित उजवीकडे. मागे भोपळा गडगडला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“लागत होती,” ते म्हणाले.

अर्ज प्रलंबित आहे.