पाहुण्यांची कॉफी

भांडीकुंडी आपसात बोलत, त्या काळी कुमुदताईंच्या फडताळात एक डबा होता. त्याच्या पोटात चिकमगळूरच्या कॉफीच्या भाजलेल्या बिया होत्या. शेजारची हातचक्की म्हणायची, "अरे, वास उडून जाईल. दे की थोड्या दळायला!"

"पाहुण्यांसाठी आहेत त्या," म्हणत डबा झाकण आणखीच आवळून धरायचा.

पाहुणे काही येईनात. एका दुपारी ताईंनीच जोर लावून झाकण काढलं आणि हुंगून पाहिलं. "अगंबाई, निम्मा वास गेला की!" त्यांनी लगेच बिया दळल्या, कॉफी केली, वर जायफळ किसलं.

इतक्यात दार वाजलं. खालच्या दमयंतीबाई होत्या. "जिन्यात वास आला हो, राहवेना!"

चक्की डब्याला म्हणाली, "आले बघ पाहुणे."

तेव्हापासून ताईंचा हात लागला, की झाकण आपणहून निघतं.