तळाची फोड

एका राज्यात सहा ऋतू ठरल्या दिवशी येत, आपापली टोपली उतरवत आणि दिवस भरले की निरोप घेऊन निघून जात. कुणी त्यांना लवकर या म्हणत नसे, कुणी आणखी राहा असाही आग्रह करत नसे. वैशाखात फणस, श्रावणात रानभाज्या, आश्विनात नवा भात, मार्गशीर्षात आवळे नि बोरे. खाऊन जे उरे ते घरोघर उन्हात पडे, मिठात जाई, पाकात शिजे आणि बरणीत बसून पुढल्या वर्षाची वाट पाही.

राजवाड्यात अशा चाळीस बरण्या होत्या, माणसाच्या कमरेएवढ्या उंच. त्यांची राखण हौसा नावाच्या बाईकडे. हौसा मोठी खट. ओल्या हाताने कुणी बरणीच्या दिशेने नुसते वळले तरी ती डोळे वटारी, मग तो प्रधान का असेना. पण राणी देवाघरी गेल्यापासून लहानगी राजकन्या शेवंती तिच्याच मांडीवर वाढली होती, आणि शेवंतीने मुठीने मोरावळा पळवला तर हौसाला नेमके त्याच वेळी दिसेनासे होई.

त्या राज्याची एक रीत होती. बरणी पुरती रिकामी करायची नाही. तळाशी एक फोड राखायची आणि नवा खार तिच्यावर ओतायचा. अशी ती तळाची फोड किती पिढ्यांची होती, कुणास ठाऊक! का राखायची, हे कुणी विचारले तर हौसा म्हणे, "राखायची म्हणून राखायची. पुढे बोल."

एका मार्गशीर्षात शेवंतीला ताप भरला. नऊ दिवसांनी उतरला, पण तोंडाची चव घेऊन गेला. पोर म्हणाली, "बाबा, मला आंबा हवा."

राजा वीरकेतूने सात गड जिंकले होते, पण मार्गशीर्षात आंबा आणणे त्याच्याने होईना. लेकीचा सुकलेला चेहरा त्याला पाहवेना. तेव्हा भर दरबारात अकालध्वज नावाचा जादूगार येऊन उभा राहिला. त्याच्या कमरेला तांब्याची रिकामी डबी लटकत होती.

"महाराज, बारा महिने सगळी फळे देणारी बाग देतो."

"मोबदला?"

"तुमच्या राज्यातले वाट पाहणे."

राजाला हसू आले. "ते कुणाला हवे आहे? घेऊन जा."

"आणि जुन्या बरण्या धुऊन पालथ्या घाला. बाग असताना त्यांचे काय काम?"

आज्ञा सुटली. हौसाने एकोणचाळीस बरण्या धुतल्या, आणि दर बरणीला तिचा जीव तुटला. चाळिसावीच्या तळाशी हात गेला, काळीभोर मऊ फोड बोटांना लागली, आणि तिच्याने ती टाकवेना. तिने ती पदरात गाठ मारून लपवली. जन्मात पहिल्यांदा तिने राजाची आज्ञा मोडली होती. ती गाठ तिला दिवसभर कमरेला डाचत राहिली.

अकालध्वजाने डबी उघडून मिटली आणि घटकाभरात बाग उभी राहिली. आंब्याशेजारी बोर, बोराशेजारी फणस, सगळे एकाच वेळी पिकलेले, सगळे चकचकीत. एकाही फळाला कीड नव्हती, एकाही फळावर माशी बसत नव्हती. लोकांनी जयजयकार केला. शेवंतीने पोटभर आंबे खाल्ले.

मग हळूहळू ध्यानात येऊ लागले. दूध विरजले तर दही लागेना. पीठ आंबेना. कोंबडी अंड्यांवर बसेना. सूर्य उगवे, मावळे, पण मार्गशीर्ष काही संपेना. आंबा पाण्यासारखा लागे, बोरही तसेच, फणसही तसाच. आणि एके सकाळी शेवंतीची वेणी घालताना हौसाने पाहिले, की पोरीच्या दहाही नखांवर मेण चढले आहे. नखाने खरवडून ते निघेना. दुसऱ्या दिवशी ते बोटभर वर सरकले.

राजाने अकालध्वजाला बोलावले. तो म्हणाला, "घाबरता कशाला, महाराज? हे तर वरदान. मेण माथ्यावर पोचले की राजकन्येला कधी ताप येणार नाही, कधी म्हातारपण येणार नाही. ती कायम आठ वर्षांची राहील."

"तुझी बाग परत घे!"

"एकदा दिलेले परत मागता येत नाही, महाराज."

राजा सिंहासनावर बसला तो बसलाच. हौसाने मात्र पदर खोचला, खांद्याला झोळी लावली आणि वाड्याच्या मागल्या दाराने ती निघाली. माझी पोर मेणाची होऊ द्यायची नाही, एवढे एकच तिला कळत होते.

सीमेवरच्या रानात एक जुना बेहडा होता. त्याच्या ढोलीत धनेश पक्ष्याची मादी स्वतःला लिंपून बसली होती. अंडी घातली की ती असेच करते. ढोलीचे तोंड लिंपून घेते, फटीतून चोच तेवढी बाहेर ठेवते, आणि पिल्ले मोठी होईतो आत बसून राहते. हौसा खालून चालली तशी चोच हलली.

"बाई, तुझ्या पदरात काय आहे?"

हौसाने पदर घट्ट धरला. पण पक्ष्याशी काय खोटे बोलायचे! तिने सगळे सांगितले.

"टाकली नाहीस?"

"टाकवली नाही."

"मग त्या राज्यात अजून एका फोडीएवढे वाट पाहणे शिल्लक आहे," पक्षीण म्हणाली. "अकालध्वजाला ते ठाऊक नाही. नीट ऐक. ही फोड मुलीला भरवलीस तर मुलगी वाचेल, पण ती एकटीच. माझी अंडी फुटायची नाहीत, तुमचे दही लागायचे नाही. हीच फोड बरणीत घालून तिच्यावर नवा खार मुरवलास तर वर्ष चालू लागेल आणि सगळेच सुटतील. पण खार मुरायला चाळीस दिवस लागतात."

"पोरीजवळ तेवढे दिवस नाहीत."

"मला माहीत आहे," पक्षीण म्हणाली, आणि तिचा आवाज हळू झाला. "तू आधी कैरी, मीठ आणि ऊन घेऊन ये. सीमेपलीकडे वर्ष अजून चालते आहे. तिथे आता चैत्र आहे."

हौसा सीमेपलीकडे गेली. पाऊल टाकताच झळ लागली आणि मोहोराचा वास आला. तिला रडूच फुटले. वास म्हणून काही असतो, हेच ती विसरून गेली होती.

पहिल्या टेकडीवर आंब्याचे झाड होते आणि बुंध्याशी एक यक्ष पहारा करत होता. त्याने हौसाच्या पुढ्यात पिवळाधमक आंबा ठेवला. तीन दिवसांची उपाशी बाई! तोंडाला पाणी सुटले.

"पिकलेला घे," यक्ष म्हणाला.

"मला हिरवी कैरी हवी."

"चैत्रात पिकलेला आंबा मिळतो आहे, तो सोडून?"

"चैत्रात पिकला, म्हणूनच नको," हौसा म्हणाली. "तुम्ही तो अकालध्वजाच्या बागेतून आणलात. त्याला वास नाही."

यक्ष खो खो हसला आणि त्याने स्वतः फांदी वाकवून धरली. हौसाने बाठ धरलेल्या करकरीत कैऱ्या झोळीत भरल्या.

दुसऱ्या दिवशी ती समुद्राकाठच्या मिठागरात पोचली. बांधावर एक पांढऱ्या केसांची बाई बसली होती. तिच्या केसांतून मीठ झरत होते.

"मीठ हवे तर या वाफ्याशी बैस. पाण्याला हात लावायचा नाही."

आता हौसाचे हात म्हणजे ढवळणारे, निवडणारे, पुसणारे. ते मांडीवर धरून बसणे तिला जड गेले. पाच दिवस ती बसली. वाफ्यातले पाणी वाऱ्याने हलले, उन्हाने उतरले, आणि पाचव्या दिवशी दुपारी त्याच्या अंगावर एक शुभ्र पापुद्रा आला. मग पापुद्र्याचे खडे झाले. कुणी काही केले नव्हते. समुद्र आपणहून मागे सरला होता आणि मीठ ठेवून गेला होता. उभा जन्म तिने मिठात हात घातला होता, पण मीठ जन्मताना ती पहिल्यांदाच पाहत होती. तिने वाकून बांधाला डोके टेकले आणि झोळी भरून घेतली.

ऊन मिळवायचे तर डोंगरमाथ्यावर जायला हवे होते. तिथे दुपार नावाची म्हातारी राहते. तिने सगळ्या पठारावर वाळवण घातले होते. कुरडया, सांडगे, आमसुले, आंबोशी, नजर पोचेल तिथवर.

"कावळे राख," दुपार म्हणाली. "एक जरी सांडगा गेला तर रिकामी जाशील."

हौसाने काठी घेतली. कावळे हजार होते आणि बोलणारे होते. कुणी म्हणे, तुझी राजकन्या गेली. कुणी म्हणे, मेण छातीपर्यंत आले, इथे काय बसलीस? तिचे डोळे वाहत होते आणि काठी चालत होती. सांजेला म्हातारीने सांडगे मोजले. एकही कमी नव्हता. मग तिने वाळवणाखालचे एक पांढरे धुवट फडके उचलले, त्याची घडी घातली आणि हौसाच्या हातावर ठेवली. घडीत दिवसभराचे ऊन होते. हात भाजत होता.

"हा बरणीचा दादरा," म्हातारी म्हणाली. "तोंडावर घट्ट बांध."

हौसा वाड्यात परतली तेव्हा मेण शेवंतीच्या गळ्यापर्यंत आले होते. पोर गादीवर सरळ पडून होती. हात चकचकीत, पाय चकचकीत, हलत होते फक्त ओठ नि डोळे.

"हौसामावशी, तू उशीर केलास."

"केला गं बाळे, केला."

हौसाने चाळिसावी बरणी सरळ केली आणि शेवंतीच्या उशाशी मांडली. कैऱ्या चिरल्या, मीठ घातले. मग ती राजासमोर उभी राहिली आणि तिने पदराची गाठ सोडली.

"महाराज, मी आपली आज्ञा मोडली. ही तळाची फोड मी टाकली नव्हती."

राजा उठला आणि त्याने आपल्या सेवकिणीपुढे हात जोडले.

हौसाने फोड तळाशी ठेवली. वर खार ओतला. दादरा बांधला. सगळी खोली उन्हाने भरून गेली, भिंतीवर पळीची नि पाटाची सावली पडली. पण बरणीत काही हलले नाही.

तिसऱ्या दिवशी अकालध्वज आला. मेण हनुवटीवर होते.

"चाळीस दिवस लागतात या खाराला मुरायला," तो गोड आवाजात म्हणाला. "राजकन्येचे ओठ मिटायला एकच घटका आहे. मी टाळी वाजवतो, खार याच क्षणी मुरेल. राजकन्येने फक्त हो म्हणावे."

"हो म्हण, बाळ," राजा कळवळून म्हणाला. "हो म्हण!"

हो म्हटले की उरलेसुरले वाट पाहणेही त्याच्या डबीत जाणार, हे हौसाला कळले. पण तिला राहवेना. जळो ते राज्य, जळो ते दही! एकटी तर एकटी, माझी पोर वाचू दे. तिचे हात दादऱ्याची गाठ सोडू लागले. तळाची ती फोड काढायची आणि पोरीच्या ओठांत घालायची.

"मावशी," शेवंती म्हणाली, "किती दिवस लागतात?"

"चाळीस, बाळे."

"आधी काढली तर?"

हौसाला खोटे बोलवेना. "तू वाचशील. बाकीचे सगळे असेच राहतील."

शेवंतीने बरणीकडे पाहिले. मग बापाकडे पाहिले. मेण ओठांच्या कडेला आले होते.

"गाठ सोडू नकोस," ती म्हणाली. "मी थांबते."

राजाने कुणालाही न विचारता देऊन टाकलेले वाट पाहणे एका आठ वर्षांच्या मुलीने आपणहून परत घेतले होते. बरणीच्या तळातून एक बुडबुडा निघाला, सावकाश वर आला आणि फुटला. मग दुसरा. मग बरणी मंद गुणगुणू लागली. अकालध्वजाच्या कमरेची तांब्याची डबी तडकली आणि तीतून अडलेले सगळे दिवस एकामागून एक बाहेर पडले, शांतपणे, दाटी न करता.

बागेतली फळे पिकली, मऊ पडली, सडली. वास सुटला. लोक रस्त्यावर आले आणि तो वास छाती भरून घेऊ लागले. मार्गशीर्ष संपला, पौषाचे गार वारे आले. रानात धनेशाची अंडी फुटली.

शेवंतीच्या अंगावरचे मेण पापुद्र्यांनी गळून पडले. ती उठून बसली, तोंडात बोट घातले आणि तिने एक दुधाचा दात काढून हौसाच्या तळहातावर ठेवला. हौसा दात मुठीत धरून ओक्साबोक्शी रडली.

अकालध्वजाला राजाने शिक्षा केली ती एवढीच. त्याच्या हातात आंब्याची कोय दिली आणि सांगितले, "ही पेर. हिला फळ धरेल त्या दिवशी जा." तो अजून सीमेवर बसून आहे. रोपाला चार पाने आली आहेत.

चाळिसाव्या दिवशी हौसाने दादरा सोडला. पहिली फोड शेवंतीला. तिने ती चावली, डोळे गच्च मिटले, अंगावर शहारा आला, डोळ्यांतून पाणी आले.

"आणखी!"

राजाने खाल्ली, प्रधानाने खाल्ली, दारी आलेल्या सगळ्यांनी खाल्ली. एकोणचाळीस बरण्यांच्या तळाशी एकेक फोड गेली. शेवटी चाळिसावीत एकच उरली. शेवंतीने कोरड्या हाताने पळी आत घातली, फोडीपाशी नेली आणि तशीच रिकामी वर आणली.

"आंबा कधी येईल, मावशी?"

"वैशाखात."

"बरं," शेवंती म्हणाली आणि बरणीला टेकून बसली. हौसाने दादरा बांधला आणि तीही तिच्या शेजारी टेकली.